गव्हाचा कण नसलेल्या घरगुती वड्या व गोळ्या

सणावारीं, पाहुण्याच्या स्वागतास किंवा शाळेंतून आलेल्या मुलाच्या हातावर ठेवावयास कांहीं तरी गोड घरांत असावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. परंतु ज्या घरांतील एखाद्या मुलास गहूं वर्ज्य आहे असें वैद्यकीय तपासणीनें ठरलें, त्या घरांत हाच खाऊ चिंतेचें कारण होऊन बसतो. लग्नाच्या पंगतींत त्या मुलाचें पान निराळें मांडावें लागतें. शेजारणीनें प्रेमानें दिलेली वडी त्याच्या हातून काढून घ्यावी लागते. आणि शहरांतील दुकानांतून 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकला जाणारा माल इतका महाग असतो कीं, साधारण शेतकऱ्यास तो नित्य आणणें परवडत नाहीं. अशा मुलाचा खाऊ घरच्या घरीं, आपल्याच शेतावाडींतील जिनसांपासून कसा करावा, व तो करतांना कोणती दक्षता घ्यावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यांतील दिघी व तिच्या आसपासचा किनारा आम्हीं डोळ्यांपुढें ठेविला आहे. श्रीवर्धन तालुक्यांत, राजपुरी खाडीच्या मुखाशीं हें गांव असून, खाडीपलीकडे मुरूड-जंजिऱ्याचा मुलूख आहे. दिघीपासून दक्षिणेस दिवेआगर व श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. डोंगरउतारावर आंबा, फणस, काजू व कोकम. वरकस जमिनींत नाचणी व वरी. आणि खाचरांत भात. गहूं हें या भागाचें पीक नव्हे. तो घांटावरून व रेशनच्या दुकानांतून येतो. यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, गव्हावांचून गोड पदार्थ करण्यास लागणारी बहुतेक सामग्री या किनाऱ्यावर पूर्वींपासूनच आहे. नवीन शिकावयाचें तें एवढेंच कीं, या सामग्रींत गव्हाचा कण शिरूं कसा द्यावयाचा नाहीं.

ग्लूटेन म्हणजे काय?

कणकेचा मळलेला गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं चोळीत राहिलें, तर पांढरें पाणी निघून जातें व हातांत रबरासारखा ताणला जाणारा, करड्या रंगाचा चिवट गोळा उरतो. हाच ग्लूटेन. वाहून गेलें तें मुख्यतः पिष्ट. कुरडयांसाठीं आपण जो गव्हाचा चीक काढतों, तोही बहुतांशीं पिष्टच होय. तथापि घरीं काढलेला चीक कितीही निथळला तरी त्यांत ग्लूटेनचा थोडा अंश राहतोच, म्हणून रोग्यास तो चालत नाहीं.

ग्लूटेन हें प्रथिन आहे. पोळी लाटतांना फाटत नाहीं, पाव फुगून हलका होतो, तो याच्याच गुणानें. निरोगी मनुष्यास त्यापासून कांहीं अपाय नाहीं, व अशा मनुष्यानें केवळ कोणाचें पाहून गहूं सोडण्यांत लाभही नाहीं. परंतु कांहीं थोड्या माणसांच्या शरीरांत हें प्रथिन गेलें असतां शरीराची संरक्षक शक्ति उलटून आपल्याच आंतड्यावर हल्ला करते. लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेणें हें त्यांचें काम. ते झिजून सपाट झाले म्हणजे खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. वारंवार जुलाब, पोट फुगणें, वजन व उंची न वाढणें, रक्त कमी होणें, हाडें दुबळीं होणें, हीं त्याचीं लक्षणें. या रोगास सीलिअॅक म्हणतात. उत्तर भारतांतील गहूं खाणाऱ्या लोकांत शेंकडा एकाच्या आसपास माणसांस तो असल्याचें आढळलें आहे. भात खाणाऱ्या भागांत तो कमी आढळतो. पण मुळींच नाहीं असें नव्हे. आणि आतां कोंकणांतही पोळी, पाव व बिस्किट रोजचीं झालीं असल्यामुळें, पूर्वीं जो अंगांत दडून राहिला असता तो रोग प्रकट होण्यास वाव मिळाला आहे.

येथें एक सूचना अगत्याची आहे. मुलाचें पोट बिघडतें एवढ्यावरून घरींच गहूं बंद करूं नये. या रोगाची परीक्षा रक्त तपासून व बहुधा आंतड्याचा लहानसा तुकडा तपासून करतात. आणि ती परीक्षा रोगी गहूं खात असतांनाच खरी उतरते. आधीं गहूं सोडला तर रोग असूनही तपासणींत तो दिसत नाहीं. म्हणून प्रथम डॉक्टर, नंतर पथ्य. पथ्य एकदां ठरलें कीं तें जन्मभर पाळावें लागतें. या रोगास आज दुसरा खात्रीचा उपाय नाहीं.

गव्हाचा दोष कसा सांपडला

सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरानें इ. स. १८८८ मध्यें या रोगाचें चांगलें वर्णन करून ठेविलें होतें. परंतु त्याचें मूळ गव्हांत आहे हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. १९२४ मध्यें अमेरिकेंतील डॉ. सिडने हास यांनीं अशा मुलांस मुख्यतः केळ्यांवर ठेवून पाहिलें. मुलें सुधारलीं, व श्रेय केळ्यांस मिळालें. वास्तविक गुण केळ्याचा नसून, त्या पथ्यांत पाव नव्हता याचा होता.

खरा उलगडा हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनीं केला. गव्हावांचून आहार देण्याचे प्रयोग ते दुसऱ्या महायुद्धापूर्वींपासून करीत होते. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्याच्या वेढ्यामुळें त्या देशांत भयंकर अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा होऊन लोकांवर ट्यूलिपच्या फुलझाडाचे कांदे खाण्याची पाळी आली. अशा काळांत या रोगानें पीडित मुलांची प्रकृति सुधारल्याचें, व पाव पुन्हां मिळूं लागतांच ती बिघडल्याचें डिके यांस दिसून आलें, आणि त्यांच्या मताला बळकटी आली. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. तेव्हांपासून गहूं, सातू व राय हीं धान्यें वर्ज्य करणें हाच या रोगाचा उपचार ठरला आहे.

पाव ग्रॅमाचा हिशेब

पथ्य किती कडक असावें, हें आंकड्यानें सांगितल्यावांचून पटत नाहीं. एक किलो पदार्थांत ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसेल, तरच त्यास 'ग्लूटेनमुक्त' म्हणावें, असा आपल्या देशांतील अन्नसुरक्षेचा नियम आहे, व आंतरराष्ट्रीय मानही तेंच आहे. मैद्यांत दर शंभर ग्रॅमांस सुमारें ८ ते १० ग्रॅम ग्लूटेन असतें. म्हणजे पाव ग्रॅम मैद्यांत तें २० ते २५ मिलिग्रॅम झालें. पाव ग्रॅम म्हणजे दोन बोटांची हलकीशी चिमूट. एवढा मैदा एक किलो नारळाच्या वड्यांत मिसळला, तर त्या वड्या रोग्याच्या कामाच्या राहिल्या नाहींत! पोळपाटाच्या भेगेंत, चाळणीच्या कडेला, किंवा पोळी लाटून नुसत्याच झटकलेल्या हातावर याहून अधिक पीठ असतें. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटांत गेलें तरी कांहीं महिन्यांत आंतड्यास इजा होते, असें दिसून आलें आहे. म्हणून 'थोडेंसें लागलें तर काय होतें' हें वाक्य या बाबतींत घरांतून हद्दपार करावें.

कोणतें धान्य चालतें, कोणतें नाहीं

तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी, मका, राजगिरा, शिंगाडा, साबूदाणा, सर्व डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू, नारळ व सर्व फळें हीं स्वभावतः निर्दोष आहेत. साखर, गूळ, मध, दूध व तूप यांतही ग्लूटेन नाहीं.

गहूं मात्र कोणत्याही रूपानें चालत नाहीं. रवा, मैदा, दलिया, शेवया, कोंडा हीं सर्व त्याचींच रूपें. खपली गहूं पचावयास हलका म्हणून तो चालेल अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची व धोक्याची आहे. खपली हाही गहूंच असून त्यांत ग्लूटेन आहे. सातू वर्ज्य, त्यास मोड आणून केलेला माल्टही वर्ज्य. राय हें युरोपांतील धान्य वर्ज्य. त्याचा आपल्या मोहरीशीं, जिला राई म्हणतात तिच्याशीं, कांहीं संबंध नाहीं, व मोहरी खाण्यास हरकत नाहीं. ओट स्वतः गव्हाच्या जातीचे नसले तरी बाजारांतील ओटांत गव्हाची भेसळ बहुधा असतेच, म्हणून ते टाळावे.

आपल्या सणांकडे या दृष्टीनें पाहिलें असतां गंमत वाटते. गणपतीचे उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे, सारण नारळगुळाचें, ते निर्दोष. तळणीचे मोदक कणकेचे, ते वर्ज्य. संक्रांतीचा तिळगूळ निर्दोष. शिमग्याची पुरणपोळी वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. ज्या घरीं असा रोगी आहे तेथें त्याच्यापुरता नारळाच्या वडीचा किंवा केळ्याचा प्रसाद निराळा ठेवावा. यांत श्रद्धेस कांहीं बाध येत नाहीं.

गहूं कोठून शिरतो

पहिली वाट पिठाच्या गिरणीची. नाचणी व तांदूळ कितीही शुद्ध असले तरी ज्या गिरणींत आधीं गहूं दळला, तिच्या दगडांत व पेटींत गव्हाचें पीठ असतेंच. आधीं पसाभर तांदूळ दळून घेतल्यानें तें कमी होतें, पण खात्रीनें जात नाहीं. त्यापेक्षां ज्यांत गहूं कधीं दळला नाहीं असें घरचें जातें, किंवा या कामास निराळें ठेवलेलें मिक्सरचें भांडें वापरावें. खेडेगांवांतील पुष्कळ घरांत जातें कोपऱ्यांत पडून असतें. तें टाकी लावून, स्वच्छ धुवून, उन्हांत वाळवून पुन्हां कामास लावण्यासारखें दुसरें चांगलें साधन नाहीं.

दुसरी वाट स्वयंपाकघरांतील उपकरणांची. लांकडी पोळपाट, लाटणें व कलथा यांच्या रेषांत पीठ मुरून बसतें, व धुण्यानें तें पुरतें निघत नाहीं. वड्या थापण्यास स्टीलचें ताट वापरावें. चिक्की लाटण्याऐवजीं तूप लावलेल्या वाटीच्या बुडानें दाबून पसरावी. चाळणी निराळी असावी. ज्या तेलांत शंकरपाळी तळली तें तेल पुन्हां वापरूं नये. तुपाच्या बरणींत पोळीला लागलेला चमचा बुडविण्याची संवय असते. म्हणून या कामाचें तूप वेगळ्या बरणींत ठेवावें. ज्या दिवशीं खाऊ करावयाचा, त्या दिवशीं तो सकाळीं प्रथम करावा व पोळ्या मागाहून लाटाव्या, कारण मैद्याची धूळ हवेंतही पुष्कळ वेळ तरंगत राहते.

तिसरी वाट विकत आणलेल्या मालाची. बाजारी हिंग शुद्ध नसतो. त्यांत डिंकाबरोबर पुष्कळदां मैदा असतो. म्हणून हिंग घातलेल्या आवळ्याच्या व पाचक गोळ्या, दिसावयास निरुपद्रवी असल्या तरी, वेष्टनावरील घटक वाचल्यावांचून देऊं नयेत. चिवट हलव्यांत गव्हाचा चीक असूं शकतो. चॉकलेटाच्या कित्येक जातींत बिस्किटाचा चुरा किंवा माल्ट असतो. गोळ्या एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून कांहीं ठिकाणीं पीठ भुरभुरतात. सुट्या मिठाईच्या दुकानांत एकच कलथा सर्व ताटांतून फिरतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

पाकाचें मर्म

वडी असो वा गोळी, तिचें यश पाकावर अवलंबून असतें. साखर पाण्यांत विरघळवून आंच दिली कीं पाणी उडत जातें व पाकाची उष्णता चढत जाते. थंड पाण्याच्या वाटींत थेंब टाकून तो बोटांत धरला असतां मऊ गोळी वळली, तर पाक गोळीबंद झाला. या वेळीं त्याची उष्णता सुमारें ११५ अंश असते. तोच थेंब पाण्यांत पडतांच कांचेसारखा कडक होऊन 'टक्' असा मोडला, तर पाक कडक झाला. तेव्हां उष्णता १५० अंशांच्या जवळपास असते. मऊ वडीस पहिला, चिक्की व गोळीस दुसरा.

साखरेचा स्वभाव पुन्हां कणीदार होण्याचा आहे. नारळाच्या वडींत आपणांस ती कणी हवी असते, म्हणून आपण ढवळीत राहतों. कांचेसारख्या पारदर्शक गोळींत ती नको असते, म्हणून साखर विरघळल्यावर ढवळणें बंद करावें. कारखान्यांतून कणी टाळण्यासाठीं ग्लूकोजचा घट्ट पाक घालतात. घरीं तेंच काम लिंबाचे थेंब करतात. आंबटाच्या योगानें उकळत्या साखरेचा कांहीं भाग ग्लूकोज व फ्रुक्टोज अशा दोन साखरांत फुटतो, व या दोन साखरा उरलेल्या साखरेस कणी धरूं देत नाहींत. मात्र या फुटलेल्या साखरा हवेंतील ओल फार ओढून घेतात. दिघीसारख्या समुद्रकांठच्या दमट हवेंत लिंबू अधिक झालें तर गोळ्या दोन दिवसांत चिकट होतात. म्हणून थेंब मोजूनच घालावे, व कडक गोळ्या आणि चिक्की हीं कामें पावसाळा सोडून, विशेषेंकरून हिंवाळ्यांत करावीं.

कृति

नारळाची वडी. पक्क्या नारळाचें पांढरें खोबरें खवून दोन वाट्या घ्यावें. पाठीची काळी साल येऊं देऊं नये. साखर दीड वाटी, दूध पाव वाटी. जाड बुडाच्या भांड्यांत सर्व एकत्र करून मंद आंचेवर सतत ढवळावें. मिश्रण भांड्याच्या कडा सोडून गोळा होऊं लागलें कीं एक चमचा तूप व वेलदोड्याची पूड घालून उतरावें, दोन मिनिटें घोटावें, व तूप लावलेल्या ताटांत थापावें. कोंबट असतांनाच सुरीनें रेघा पाडाव्या. लवकर उतरलें तर वडी धरत नाहीं. उशीर झाला तर भुगा होतो. ओल्या खोबऱ्याची ही वडी असल्यामुळें चार-पांच दिवसांत संपवावी.

शेंगदाण्याची चिक्की. भाजून सोललेले व अर्धवट कुटलेले दाणे दीड वाटी, चिरलेला गूळ एक वाटी, तूप एक चमचा. गूळ व तूप मंद आंचेवर वितळवून कडक पाक करावा. पाण्यांत थेंब टाकून तो मोडतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून उतरूं नये, नाहीं तर चिक्की दांतांस चिकटते. दाणे घालून त्वरित तूप लावलेल्या ताटावर ओतावें, वाटीच्या बुडानें पसरावें व गरम असतांनाच कापावें. दाण्यांऐवजीं तीळ, राजगिऱ्याच्या लाह्या, काजूचे तुकडे किंवा सुक्या खोबऱ्याचा कीसही याच रीतीनें चालतो. चुरमुऱ्याचे लाडूही याच पाकाचे होतात. मात्र पाक थोडा नरम ठेवावा.

नाचणीची गूळपापडी. कणकेच्या गूळपापडीऐवजीं ही करावी. घरीं दळलेलें नाचणीचें पीठ एक वाटी, तूप अर्धी वाटी, बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी. पीठ तुपांत मंद आंचेवर दहा-बारा मिनिटें खमंग भाजावें, भांडें खालीं उतरून गूळ घालावा, भराभर कालवून ताटांत थापावें व वड्या कापाव्या. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. ज्या मुलाचीं हाडें या रोगानें दुबळीं झालीं आहेत, त्यास हा खाऊ इतर गोडापेक्षां अधिक हितकर आहे.

लिंबाची गोळी. साखर दोन वाट्या, पाणी पाऊण वाटी. साखर विरघळेपर्यंत ढवळावें, नंतर चमचा काढून घ्यावा व लिंबाच्या रसाचे सात-आठ थेंब टाकावे. भांड्याच्या कडेवर उडालेले साखरेचे कण ओल्या फडक्यानें पुसावे. एक कण आंत पडला तरी सारा पाक कणी धरतो. कडक पाक झाला कीं उतरून, उकळी शमल्यावर, तूप लावलेल्या ताटांत चमच्यानें लहान लहान थेंब सोडावे. गार झाल्यावर पिठीसाखरेंत घोळून कोरड्या कांचेच्या बरणींत घट्ट झांकणानें ठेवाव्या. पिठीसाखर घरींच कुटावी. या पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून फार भयंकर असतो. म्हणून त्या वेळीं मुलांस चुलीजवळ येऊं देऊं नये.

फणसपोळी व आंबापोळी. फणसपोळीस बरका फणस घ्यावा. काप्याचे गरे यास उपयोगी नाहींत. आठळ्या काढून गऱ्यांचा रस चाळणीवर गाळावा. एक किलो रसास शंभर ते दीडशें ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घालावें. ताटास तूप किंवा खोबरेल लावून पातळ थर द्यावा, वर मलमल बांधून उन्हांत ठेवावें. एक थर वाळला कीं त्यावर दुसरा. चार-पांच थरांची पोळी वाळल्यावर घडी घालून ठेवली असतां पावसाळाभर टिकते. रायवळ आंब्याच्या रसाची पोळीही अशीच होते. मे महिन्यांत जें फळ झाडाखालीं कुजून जातें, त्याचा असा खाऊ होऊन वर्षाची बेगमी होते.

विकावयाचें असल्यास

दिवेआगर व हरिहरेश्वर येथें येणाऱ्या प्रवाशांमुळें या किनाऱ्यावर घरगुती खाऊस गिऱ्हाईक आहे, व महिला बचत गट असे पदार्थ विकतातही. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. उंच जातीच्या नारळास फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. म्हणून वादळांतून वांचलेल्या झाडांच्या नारळास, तो नुसता विकण्यापेक्षां वडीच्या रूपानें विकून, अधिक मोल यावें अशी इच्छा असणें स्वाभाविक आहे.

तथापि विक्रेत्यांस आमचें निक्षून सांगणें आहे कीं, 'ग्लूटेनमुक्त' हा शब्द जाहिरातीचा नव्हे, तो वचनाचा आहे. घरांत गहूं आणला जात असेल, गिरणी सामायिक असेल व माल प्रयोगशाळेंत तपासला नसेल, तर तो शब्द वेष्टनावर घालूं नये. कायद्यानेंही तसें करतां येत नाहीं. अन्नव्यवसायाची नोंदणी करावी, काय काय घातलें तें सरळ छापावें, आणि ज्या घरांत गव्हाचे पदार्थ होतात तेथें हा माल झाला असल्यास तेंही सांगावें. अशानें एखादें गिऱ्हाईक जाईल. पण न सांगतां विकलेल्या वडीनें परक्याचें मूल आजारी पडलें, तर तें पाप कोणत्याही नफ्यानें फिटणारें नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, गव्हावांचून केलेलें गोड हें औषध नव्हे. साखर ती साखरच. ती मापानेंच द्यावी, व खाल्ल्यावर मुलाकडून चूळ भरवावी. परंतु मापानें दिलेल्या दोन वड्यांनीं एक मोठें काम होतें. जें मूल रोज 'हें तुला चालत नाहीं' एवढेंच ऐकत असतें, त्याला 'हें तुझ्यासाठींच केलें आहे' असें ऐकावयास मिळतें. घरांत असा रोगी असेल तर सणाचा सर्वच खाऊ या रीतीनें करावा, म्हणजे कोणाचें ताट निराळें मांडावें लागणार नाहीं. त्यास लागणारा नारळ, गूळ, नाचणी व फणस आमच्या वाचकांच्या घरीं आहे; उणीव असेल ती एका निराळ्या चाळणीची, एका निराळ्या तुपाच्या बरणीची आणि धुवून काढलेल्या जुन्या जात्याची. ती पुरी करण्यास पैका थोडा लागतो, लक्ष मात्र नित्य लागतें.